आईपाशी कोण बसणार?

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. घरी पाठवताना डॉक्टर एवढेच म्हणाले, "हाड जुळायला वेळ लागेल. तोवर त्यांच्यापाशी कुणीतरी सतत हवं." 'कुणीतरी' हा शब्द व्याकरणात अनिश्चित असेल, आपल्या घरांत मात्र त्याचा अर्थ फार निश्चित असतो.

त्या रात्री आमच्या दिवाणखान्यात बैठक भरली. दोघे भाऊजी, जाऊबाई, नाशिकहून धावत आलेल्या वन्सं, हे आणि मी. "आईपाशी कोण बसणार?" असा प्रश्न थोरल्या भाऊजींनी टाकला. प्रश्न सर्वांना उद्देशून होता. नजरा मात्र जाऊबाईंकडे आणि माझ्याकडे वळल्या. जाऊबाई बँकेत आहेत, मी कॉलेजात शिकवते. आम्ही दोघी मनातल्या मनात शिल्लक रजेचा हिशेब करू लागलो. पुरुषमंडळींपैकी कुणाच्या रजेचा विषय निघाला नाही. त्यांचे आईवर प्रेम नव्हते असे मुळीच नव्हे. त्यांना ते सुचलेच नाही, इतकेच.

अखेर शहरांतली बहुतेक घरे करतात तेच आम्ही केले. एका ब्युरोला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला एक मावशी दारात उभ्या राहिल्या. मावशी म्हणायचे एवढेच. वयाने त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. दोन बसगाड्या बदलून येत. सासूबाईंना कुशीवर वळवणे, पाठ पुसणे, भांडे देणे, केस विंचरणे ही सारी कामे त्या अशा हलक्या हाताने करीत की, परक्या माणसाचा संकोच सासूबाईंना चार दिवसांपेक्षा जास्त वाटला नाही. पाचव्या दिवशी तर दोघींच्या गप्पा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येऊ लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सासूबाईंनी त्यांना सहज विचारले, "तू इथं माझ्यापाशी बसतेस. तुझ्या घरी कोण बसतं गं?"

मावशी हसल्या. म्हणाल्या, "थोरली बसते की, आजी. धाकटा दोन वर्षांचा हाय, त्याला बघते." थोरली किती वर्षांची, असे विचारल्यावर कळले, अकरा. शाळेत नाव आहे, जाते अधूनमधून.

त्याच संध्याकाळी बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. आम्ही ब्युरोला रोजचे जे पैसे देत होतो, त्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मावशींच्या हाती पडतच नव्हता. आजारपणाची रजा नाही, सणाची सुट्टी बिनपगारी. पैसे थेट त्यांच्याच हाती द्यावेत, असे माझ्या मनात आले. पण तसे करायचे नाही, असे आमच्याकडून आणि त्यांच्याकडूनही लिहून घेतलेले होते. पुढे दिवाळीनंतरच्या एका सोमवारी दारात निराळ्याच बाई उभ्या राहिल्या. "त्यांना दुसरीकडं पाठवलंय," एवढेच त्यांना ठाऊक होते. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

या सगळ्यात दुष्ट असे कुणीच नव्हते. ब्युरोवाल्याचाही तो धंदा होता. परंतु माझ्या मनात एक साखळीच उभी राहिली. मी कामावर जावे म्हणून मावशी माझ्या सासूबाईंपाशी बसत. मावशींनी कामावर यावे म्हणून एक अकरा वर्षांची पोर शाळा बुडवून घरी बसे. आमच्या बैठकीतला प्रश्न सुटलेला नव्हताच. तो आम्ही फक्त दोन बसगाड्यांच्या अंतरावर सरकवून दिला होता.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. माणसांचा दिवस कोणत्या कामात जातो याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली केली. जे घरकाम करतात त्यांच्यांत बाईची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, तर पुरुषाची ९७. आणि मुले, आजारी व वृद्ध यांची देखभाल करणाऱ्यांत बाईची १३४, तर पुरुषाची ७६. या कामाला आपण 'माया' म्हणतो, 'कर्तव्य' म्हणतो. 'काम' म्हणत नाही. त्यामुळेच ते विकत घेण्याची वेळ आली म्हणजे त्याची किंमत आपल्याला नेहमी जास्त वाटते आणि ते करणारीला ती नेहमी कमी पडते.

मग यावर तोड काय? मालकाची नोकरी आणि घरच्या बाईची सक्ती या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे की नाही? आहे. ती तीन निरनिराळ्या ठिकाणी माणसांनी चालून पाहिली आहे, आणि त्यांतली दोन आपल्याच देशात आहेत.

पहिली हकिगत न्यूयॉर्कची आहे. कारण तिथल्या बाया नेमके आमच्या मावशींचेच काम करतात. त्या शहरातला ब्राँक्स हा भाग श्रीमंतीसाठी प्रसिद्ध नाही. तिथल्या कितीतरी कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या बाया म्हाताऱ्या व अपंग माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करतात. पगार तुटपुंजा, कामाचे तास आज आहेत तर उद्या नाहीत, आणि शिक्षण म्हणावे तर नावापुरते. अशा स्थितीत १९८५ साली तिथे 'कोऑपरेटिव्ह होम केअर असोसिएट्स' नावाची संस्था निघाली. तिची कल्पना साधी होती. ज्या बाया काम करतात, त्याच संस्थेच्या मालकीण. भाग हजार डॉलरचा. पण तो एकदम कुणी द्यायचा? म्हणून आरंभी थोडी रक्कम आणि बाकीची पगारातून हळूहळू कापून. संचालक मंडळात कामगारांनी निवडून दिलेल्यांचे बहुमत. नव्या बाईला आधी विनामूल्य शिक्षण द्यायचे आणि मगच रुग्णाच्या घरी पाठवायचे. डझनभर बायांपासून सुरू झालेल्या त्या संस्थेत पुढे दोन हजारांच्या आसपास माणसे काम करू लागली, आणि कामगारांच्याच मालकीची अमेरिकेतली सर्वांत मोठी सहकारी संस्था म्हणून तिचे नाव झाले.

यात रुग्णाचा काय लाभ, असे कुणी विचारील. लाभ असा की, या धंद्यात माणसे फार लवकर काम सोडून जातात. त्या मानाने इथली टिकून राहतात. आमच्या सासूबाईंना जेवण गेले नाही ते औषधाच्या दोषाने नव्हे, ओळखीचा हात गेला म्हणून. संस्था आपली असली, तास आणि पगार यांत आपला शब्द चालत असला, म्हणजे बाई टिकते. आणि बाई टिकली म्हणजे रुग्णाला तिच्या हाताची सवय होते. मालकी आणि माया यांचा असा जवळचा संबंध असतो.

दुसरी हकिगत अहमदाबादची, आणि ती आमच्या मावशींच्या थोरलीची आहे असे म्हटले तरी चालेल. इला भट्ट या वकील बाईंनी १९७२ साली तिथे 'सेवा' ही, भाजीवाल्या, विडीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या आणि चिंध्या वेचणाऱ्या बायांची कामगार संघटना उभी केली. तिची नोंदणी करायला गेल्यावर अधिकाऱ्यांनी अडवले. म्हणाले, या बायांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? इलाबेनचे उत्तर असे की, संघटना कुणाविरुद्ध नसून एकमेकींसाठी आहे. दोन वर्षांनी, १९७४ साली, चार हजार बायांनी दहा दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली.

कर्जाची सोय झाली, पण कडेवरच्या पोराचे काय? बाजारात टोपलीशेजारी उन्हात, विडीच्या तंबाखूच्या धुळीत, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कमरेवर, अशा तीनच जागा त्याला होत्या. म्हणून 'सेवे'च्या बालवाड्या सुरू झाल्या आणि १९८६ साली 'संगिनी' ही त्यांची सहकारी संस्था नोंदली गेली. तिथे पोरे सांभाळणाऱ्या बाया त्याच वस्तीतल्या, आणि त्याच संस्थेच्या भागधारक. बालवाडीची वेळ घड्याळ पाहून नव्हे, आयांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवलेली. सहा वर्षांखालच्या मुलांना खाऊपिऊ घालायचे, त्यांचे वजन करायचे, लस टोचून घ्यायची, गाणी शिकवायची. आई थोडी फी देते. फी ऐपतीप्रमाणे असल्याने तिच्यात सगळा खर्च भागत नाही. पण फी देणारी बाई दान घेणारी राहत नाही. आज खिचडी पातळ का, असे ती विचारू शकते.

आणि यातला सर्वांत मोठा लाभ जिच्या नावाची बालवाडीत नोंदच नसते तिला होतो. तो म्हणजे थोरलीला. धाकटा बालवाडीत गेला की ती शाळेत जाते.

तिसरी हकिगत केरळातली. ही कायद्याच्या भाषेत सहकारी संस्था नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उभे केलेले काम आहे. परंतु पैसे टाकूनही जे मिळत नाही ते या लोकांनी मिळवले, म्हणून ती सांगितली पाहिजे. १९९३ साली कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी, बरे न होणाऱ्या रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक दवाखाना सुरू केला. तोंडावाटे द्यायचे स्वस्त मॉर्फिन हे त्यांचे मुख्य शस्त्र. औषधाने दुखणे थांबे. मग लक्षात आले की, दुखणे थांबल्यावर रोगी दुसरीच दुःखे बोलू लागतो. घरात तांदूळ नाही, मुलांची शाळा सुटली, नातलग फिरकत नाहीत, दिवसभर छताकडे पाहून जीव विटला. यावर डॉक्टर काय लिहून देणार?

त्याचे उत्तर शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्याने दिले. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकेल, अशा कुणालाही त्यांनी हाक घातली. शिक्षक आले, दुकानदार आले, गृहिणी आल्या, विद्यार्थी आले. रोग्याशी कसे बोलावे, त्याला कसे उठवावे-बसवावे, जखम कशी पुसावी, याचे काही तासांचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले. घरोघर जाणाऱ्या परिचारिकेबरोबर हे लोक जाऊ लागले. पैसा उभा राहिला तो मोठ्या देणगीदारांच्या पाटीखाली नव्हे, गावातल्या नाण्यानाण्यांतून. पुढे २००८ साली केरळ सरकारने या कामाचे धोरणच जाहीर केले आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या. भारतात असे धोरण करणारे ते पहिले राज्य.

या तिन्ही हकिगतींत एक समान धागा आहे. सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांच्यामध्ये जो तिसरा असतो, त्याची जागा या लोकांनी स्वतः घेतली. ब्राँक्समध्ये ती काम करणाऱ्या बायांनी घेतली, अहमदाबादेत वस्तीतल्या बायांनी, मलप्पुरमला शेजाऱ्यांनी.

आता 'सहकार' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे काही चेहऱ्यांवर हसू उमटते, हे मला ठाऊक आहे. महाराष्ट्राला सहकाराची थोरवी आणि त्याची दुखणी दोन्ही तोंडपाठ आहेत. जिथे सभासद झोपतात तिथे चारच माणसे जागी राहतात, आणि ती जागी राहतात ती स्वतःसाठी. सेवेच्या सहकारालाही हा धोका आहेच. शिवाय त्याची स्वतःची अशी एक अडचण आहे. उसाची साखर होते, दुधाचे लोणी होते; म्हातारीच्या पाठीवरून फिरवलेल्या हातातून विकण्याजोगे काही निघत नाही. ब्राँक्सच्या संस्थेचा बहुतेक पैसा गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून येतो आणि सरकारने दर वाढवला नाही तर मालकीण असूनही बाईला आपला पगार मनाजोगता वाढवता येत नाही. आयांच्या फीवर 'संगिनी'ही चालत नाही. स्वयंसेवकाचा उत्साह आषाढातल्या पावसासारखा असतो. तो कार्तिकापर्यंत पुरवावा लागतो. म्हणजे समाजाने आणि सरकारने आपला वाटा उचलल्यावाचून हे काम निभत नाही. इटलीने हे ओळखले आणि १९९१ साली अशा सामाजिक सहकारी संस्थांसाठी वेगळा कायदाच केला. वृद्धांची, आजाऱ्यांची आणि मुलांची सेवा करणाऱ्या संस्था एका वर्गात. अपंगांना आणि समाजाने बाजूला टाकलेल्यांना काम देणाऱ्या दुसऱ्या वर्गात. तिथल्या नगरपालिका अशा संस्थांकडून सेवा घेतात.

आपल्याकडे मात्र आरंभापासूनच सुरुवात करावी लागेल, असे समजण्याचे कारण नाही. १९५९ साली गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत'चा पसारा उभा राहिला. लाटणारी प्रत्येक बाई तिथे भगिनी आणि भागीदार असते. घरात बायका फुकट करीत आलेल्या कामालाही पैसा आणि प्रतिष्ठा मिळू शकते, हे त्या सात जणींनी दाखवून दिले. १९६० च्या दशकात दादरला डॉ. रणदिवे यांच्या पुढाकाराने नागरिकांनी भाग घेऊन सहकारी रुग्णालय उभारले. त्याचे नाव 'शुश्रूषा'.

मराठी शिकवणाऱ्या माणसाची एक खोड असते. शब्द दिसला की तो उलटून पाहतो. शुश्रूषा हा शब्द संस्कृतातल्या 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. सेवा, चाकरी हे अर्थ मागाहून आले. आमच्या सासूबाईंची शुश्रूषा मावशींनी केली ती या मूळ अर्थानेही केली. त्यांच्या माहेरच्या त्याच त्या गोष्टी आम्ही कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतल्या नव्हत्या. मावशींनी त्या ऐकल्या.

शहरातल्या आपल्यासारख्यांपुरते बोलायचे तर आपण बहुतेक जण एका सहकारी संस्थेचे सभासद आहोतच. आपली सोसायटी! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा तिच्या भिंतीभिंतीत मुरलेला असतो. पाण्याची टाकी सर्वांची, जिना सर्वांचा, लिफ्ट सर्वांची आणि गच्चीच्या गळतीवरचे भांडणही सर्वांचे. वर्षाकाठी सर्वसाधारण सभा भरते, इतिवृत्त वाचले जाते, चहा होतो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचा विषय कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. तो ज्याच्या त्याच्या दाराआड.

यंदाच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली मी तो काढला. माझी मागणी फार नव्हती. आपल्या इमारतीत किती घरी वृद्ध किंवा आजारी माणूस आहे आणि सांभाळायला किती बाया येतात, एवढे आधी मोजू या. सेक्रेटरींनी प्रथम चष्मा पुसला. गृहस्थवर्गापैकी एक जण म्हणाले की, हा खाजगी प्रश्न आहे. त्यावर, सभेत एरवी कधी न बोलणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी पडले तर खाजगीच पडेन हो, पण उचलायला तुम्हालाच यावं लागेल." सभा हसली आणि ठराव झाला.

मोजणी झाली. बेचाळीस घरांपैकी अकरा घरांत असे कुणीतरी आहे. सांभाळायला नऊ बाया येतात, चार निरनिराळ्या ब्युरोंमधून. आणि त्यांतल्या सहा जणींची मुले लहान आहेत. हे आकडे कागदावर आले तेव्हा कमिटीची मंडळी क्षणभर गप्प झाली. तूर्त दोनच गोष्टी सुरू झाल्या आहेत. आठवड्याला दोन तास एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी बसायची तयारी असलेल्या चौदा जणांची नावे आली. त्यांत पाच पुरुष आहेत, आणि एक आमचे थोरले भाऊजी. दुसरे असे की, त्या नऊ बायांना दुपारी एकत्र बसून बोलायला तळमजल्यावरची खोली उघडून देतो. त्यांची संस्था आम्ही काढून द्यायची नाही, एवढे आता मला कळले आहे. त्यांनी ती काढायचे मनात आणले, तर तिचे पहिले गिऱ्हाईक आम्ही असावे, ठरलेला दर वेळेवर द्यावा आणि त्या दरात त्यांच्या मुलांच्या पाळणाघराचा खर्चही धरलेला असावा. नऊ बाया म्हणजे फारच थोड्या. पण गिरगावातल्या त्या तर सातच होत्या.

यातून काही उभे राहील की नाही, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्यांचे हात रिकामे नसतात त्यांना सभा भरवायला वेळ नसतो, आणि ज्यांना वेळ असतो त्यांना निकड नसते.

सासूबाई आता काठीच्या आधाराने देवघरापर्यंत जातात. यंदाच्या फराळाच्या करंज्या त्यांनी बसल्या बसल्या मुरडून दिल्या. परवा करंजी मुरडता मुरडता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या पोरीच्या घरी आता कोण बसतं गं? ती थोरली जाते का शाळेत?"

मावशींचा पत्ता आमच्यापाशी नाही. तो ब्युरोपाशी आहे, आणि तो कुणाला द्यायचा नाही असा तिथला नियम आहे. मला उत्तर देता आले नाही.